भाच्याचा बजेट गेमिंग पीसी: कुठला पार्ट घेतला, कुठला सोडला आणि का

भाच्यासाठी गेमिंग पीसी जोडून दिलाय, आणि आता तो बऱ्यापैकी रगडून वापरलाही आहे, त्यामुळे एकेका पार्टबद्दल काय वाटतं ते नीट सांगता येईल. बजेट ताईने आधीच ठरवलेलं, त्यात वर सरकायला जागा नव्हती. भाच्याचं म्हणणं एकच, "मामा, गेम अडकायला नको." आणि ताईचं म्हणणं, "अभ्यासालाही चालला पाहिजे, आणि थोड्या दिवसांनी परत नवीन घ्या म्हणून माझ्यामागे लागू नका." दोघांचंही बरोबर आहे आणि मला वाटतं बजेट पीसी निवडताना हीच दोन वाक्यं डोक्यात ठेवली की अर्धी निवड तिथेच होते.

आधी काय बसवलं ते सांगून टाकतो. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडणारा मुख्य बोर्ड), डीडीआर४ रॅम १६ जीबी म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड एएमडीचंच आरएक्स ६६०० ८ जीबीवालं, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (साठवणुकीची वेगवान ड्राइव्ह), ५५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट आणि २४ इंची १०८०पी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) आयपीएस पॅनलचा मॉनिटर.

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात, इंटेलचा आय५ की एएमडीचा रायझन वगैरे, आणि शेवटी उरलेल्या पैशात मॉनिटर बसवतात. मी उलटं सांगेन, आधी मॉनिटर ठरवा आणि तिथून मागे या. कारण सगळी मेहनत शेवटी त्या स्क्रीनवरच दिसणार आहे ना. मॉनिटर १०८०पी असेल तर ग्राफिक्स कार्डाला एका फ्रेममध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल काढायचे असतात, १४४०पी घेतला की तेच ३६.९ लाख होतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट काम, आणि त्याच बजेटात ते कार्ड दमणार हे उघड आहे. भाचा खेळतो काय तर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट आणि अधूनमधून जीटीए ५. असल्या गेमला रिझोल्यूशनपेक्षा रिफ्रेश रेटचा (म्हणजे हर्ट्झचा) फायदा जास्त, म्हणून १०८०पी पण १४४ हर्ट्झ. ६० हर्ट्झवरून १४४ वर गेल्यावर माउस हलवताना जो फरक जाणवतो तो भाच्याने पहिल्याच मॅचमध्ये ओळखला. मॉनिटरला फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) आहे ना तेवढं मात्र बघून घ्या, फ्रेम कमीजास्त झाले तरी चित्र फाटल्यासारखं दिसत नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला आणि घालवायलाच हवा. आरएक्स ६६०० हे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं कार्ड, म्हणजे नवीन अजिबात नाही, पण ८ जीबी मेमरी, १३२ वॉट पॉवर आणि एकच ८ पिनचं कनेक्टर, १०८०पी साठी इतकं समजूतदार कार्ड बजेटमध्ये क्वचित मिळतं. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये १४४ फ्रेम आरामात येतात, मोठ्या गेममध्ये मीडियम-हायवर ठेवलं की ६० च्या वर राहतं, आणि फार जड गेम असेल तर एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारं तंत्र) चालू करायचं. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र) विसरून जायचं, ते या कार्डाचं काम नाही. व्हिडिओ स्ट्रीम करणार असाल तर मात्र एनव्हीडियाचा एन्कोडर (व्हिडिओ दाबून छोटा करणारा भाग) अजूनही सरस आहे, एफएसआरसारखंच त्यांचं डीएलएसएस सुद्धा फक्त त्यांच्या आरटीएक्स कार्डांवर चालतं, तेव्हा घरातलं पोरगं स्ट्रीमिंगवालं असेल तर आरटीएक्स ३०६० १२ जीबी किंवा ४०६० कडे बघा. ४०६० तर ११५ वॉटमध्ये चालतं, छान कार्ड आहे, पण आमच्या बजेटात ते बसवायचं तर पॉवर सप्लाय आणि एसएसडी दोन्हीला कात्री लागत होती आणि ते मला पटलं नाही.

दोन कार्डांपासून मात्र लांब राहा असं मी स्पष्ट सांगेन. एक आरएक्स ६५०० एक्सटी, नाव बघून वाटतं ६६०० च्या एकच पायरी खाली असेल, तर तसं नाहीये, त्यात ४ जीबी मेमरी, ६४ बिटची बस (मेमरीपर्यंतची वाट) आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) फक्त ४ लेन. जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर लावलं की त्याचा जीव अजून कमी होतो, वर व्हिडिओ एन्कोडर पण काढून टाकलेला आहे. दुसरं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल. हे २०२४ मध्ये आलं, नाव तेच ठेवलं पण आतली चिप छाटलेली आणि बस १२८ वरून ९६ बिट. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०५० दिसतं आणि माणूस ८ जीबीवाल्याचे रिव्ह्यू वाचून घेऊन येतो. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, ७० वॉटमध्ये चालतं, म्हणून ऑफिसच्या जुन्या डब्यात घालायला उपयोगी आहे, हे मान्य. पण नवीन पीसी बांधताना नको. नाव नाही, मेमरी आणि बस वाचा.

इंटेलचं आर्क बी५८० पण डोक्यात होतं, १२ जीबी मेमरी म्हणजे मोह होतोच. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असणं जवळपास सक्तीचं आहे आणि प्रोसेसर साधा असेल तर त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, ५६०० सोबत काही गेममध्ये त्यामुळे फ्रेम पडतात. नवा, दणकट प्रोसेसर असेल तर जरूर घ्या, या जोडीत नको.

सेकंड हँडचं पण विचारतात लोक. माझं मत, स्वतःसाठी घ्या, फॅन वाजतोय का बघा, समोर बसून अर्धा तास स्ट्रेस टेस्ट चालवा आणि मग घ्या. पण दुसऱ्याच्या घरी, तेही पोराच्या हातात द्यायचं असेल तर वॉरंटीवालंच द्या, कारण बिघडलं तर फोन तुम्हालाच येणार आणि त्या पोराचा सुट्टीतला गेम बंद पडणार.

प्रोसेसरला फार चघळत नाही. ५६०० म्हणजे ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॉट, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), खोक्यातच कूलर येतो. इथे एक बारीक गोष्ट आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. ५५००, ५६००जी आणि ५६०० ही तिन्ही नावं सारखी वाटतात पण ५५०० आणि ५६००जी मध्ये कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आहे आणि पीसीआयई ३.० च आहे. आरएक्स ६६०० मुळात ८ लेनचं कार्ड, तेव्हा ४.० मिळालेलं बरं. ५६००जी चा फायदा एकच की त्यात आतलं ग्राफिक्स आहे, म्हणजे आत्ता कार्डाला पैसेच नाहीत, नंतर टाकू, अशी स्थिती असेल तर तो बरोबर. इंटेलकडून आय५ १२४००एफ पण तितकाच चांगला पर्याय आहे, ज्याला बोर्डासकट जे स्वस्त पडेल ते घ्यावं, यात भांडण्यासारखं काही नाही. आय३ १२१००एफ ४ कोरचा आहे, फक्त हलके गेम असतील तर भागतं, पण गेमसोबत मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर, गाणी असं सगळं उघडं ठेवणाऱ्या पोरांना ६ कोरच द्या. भाचा आधी आय७ च पाहिजे म्हणून बसलेला. त्याला दाखवलं की आय७ घेतला तर कार्ड ६५०० एक्सटीवर येतं आणि जीटीए तर कार्डावर चालतो, तेव्हा लगेच पटलं.

एएमडीचा नवा एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) का नाही, हा प्रश्न रास्त आहे. ५६०० बसतो त्या एएम४ वर रायझन २०१७ पासून आहे, आता तो सॉकेट उताराला लागलाय. एएम५ ला पुढचे प्रोसेसर येत राहतील. पण एएम५ ला डीडीआर५ रॅम घ्यावीच लागते, बोर्डही महाग, आणि तो सगळा फरक शेवटी ग्राफिक्स कार्डातून कापला जातो. हातात थोडं जास्त असेल तर रायझन ५ ७६०० घ्या, मी अडवणार नाही. कडक बजेटात गेम चालवायचाय तर एएम४ अजून मस्त चालतो.

मदरबोर्ड बी५५० घेतला कारण कार्डाला आणि पहिल्या एम.२ स्लॉटला (जिथे एसएसडी बसते) पीसीआयई ४.० मिळतं आणि रॅमचे ४ स्लॉट मिळाले. ए५२० मध्ये ३.० वरच थांबावं लागतं. आणि बजेट बोर्डात वायफाय बहुतेक वेळा नसतं हे लक्षात ठेवा, नाहीतर पीसी जोडून झाला की इंटरनेट कुठंय म्हणून शोधाशोध. आम्ही सरळ लॅन केबल ओढली, गेमला तेच उत्तम.

पॉवर सप्लायबद्दल मात्र मी हट्टी आहे. सगळ्यात आधी लोक इथेच पैसे वाचवतात कारण यातून एकही फ्रेम वाढत नाही. पण पूर्ण घरातलं सगळ्यात महागडं खेळणं त्या एका डब्यावर चालतंय. कॅबिनेटसोबत फुकट येणारा, वजनाला हलका, ज्यावर ५०० वॉट लिहिलंय पण १२ व्होल्टच्या रेलवर किती अँपिअर ते नीट दिलेलंच नाही, असा पॉवर सप्लाय ग्राफिक्स कार्डाच्या पीसीत लावू नका. ८० प्लस ब्रॉन्झ म्हणजे वीज किती वाया जात नाही याचं माप आहे, आतले पार्ट दणकट आहेत याची हमी नाही, म्हणून स्टिकर बघून थांबू नका, त्या मॉडेलची खोलून केलेली टेस्ट शोधा आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघा. कंपनीलाच ज्या डब्यावर भरवसा आहे त्याला ती ५ वर्षं किंवा जास्त देते. आमच्या पीसीला प्रोसेसर ६५ आणि कार्ड १३२ वॉट, बाकी सगळं धरूनही ३०० च्या आत, मग ५५० कशाला असं ताईने विचारलं. कारण उद्या कार्ड बदललं तर डबा बदलायला लागू नये, आणि अर्ध्या लोडवर चालणारा पंखा शांत राहतो. मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) असेल तर त्याच्या केबल दुसऱ्या पॉवर सप्लायला कधीही लावू नका, टोकं सारखी दिसली तरी पिनची रचना वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह जळतात.

रॅमच्या दोनच पट्ट्या का तर ड्युअल चॅनलसाठी (दोन वाटांनी एकदम डेटा), १६ ची एकच पट्टी टाकली तर रायझनमध्ये फ्रेम चांगलेच पडतात. ३२०० ची साधी रॅम पुरेशी आहे, लाइटवाली घ्यायची हौस असेल तर ठीक. एसएसडीमध्ये क्यूएलसीपेक्षा टीएलसी (मेमरी चिपचे दोन प्रकार) घ्या, क्यूएलसी मोठी फाइल कॉपी करताना तिची तात्पुरती वेगवान जागा (कॅश) संपली की एकदम रेंगाळते. ५०० जीबी घेऊ नका, काही गेम एकटेच १०० जीबीच्या वर जातात. कॅबिनेटला पुढे काच असेल तर दिसतं छान पण हवा आत शिरणार कुठून, जाळीचं घ्या आणि पुढे दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा.

जोडून झाल्यावरचं काम लोक विसरतात आणि मग म्हणतात पीसी स्लो आहे. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच पळत राहते आणि कोणाला कळतही नाही. सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, सिक्युअर बूट आणि टीपीएम (दोन्ही सुरक्षेच्या सोयी) चालू, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि ११ वर व्हॅलोरंटचं अँटी-चीट सुद्धा या दोन्ही गोष्टी तपासतं, नसल्या तर गेम उघडतच नाही. विंडोज १० टाकायचा विचार करू नका, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची, मदरबोर्डाला नाही, ५६०० ला आतलं ग्राफिक्सच नाही त्यामुळे तिथे लावली तर स्क्रीन काळी. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ स्वतः निवडा, बऱ्याचदा तो ६० वरच असतो.

तक्रार म्हणाल तर खोक्यातला कूलर. तापमान सांभाळतो पण एवढुसा असल्याने जड गेममध्ये आवाज येतो. बायोसमध्ये फॅनचा कर्व्ह (तापमानानुसार फॅनचा वेग) थोडा सौम्य केला की बराच कमी होतो, हेडफोन लावून खेळणाऱ्याला तर कळत पण नाही, पण रात्री बाजूच्या खोलीत कोणी झोपत असेल तर पुढेमागे साधा टॉवर कूलर टाकावा.

सिंगल प्लेअरचे नवे जड गेम अल्ट्रावर खेळायचेत, १४४०पी मॉनिटर आधीच घरात आहे किंवा व्हिडिओ एडिटिंग मुख्य काम आहे, अशांनी हा सेट घेऊ नये, त्यांना १२ जीबी किंवा जास्त मेमरीचं कार्ड लागेल. ज्याच्या घरी भाच्यासारखा शाळेतला खेळाडू आहे, ऑनलाइन गेम, शाळेचे प्रोजेक्ट, थोडं कोडिंग, त्याच्यासाठी मी हाच सेट परत घेईन. पुढे दम कमी पडायला लागला तर याच बोर्डावर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बसतो, ९६ एमबी कॅशमुळे गेममध्ये मोठी उडी मिळते, फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करून घ्या.