गेट्स की ग्रीन: गाजलेलं नाव की पारखलेला माणूस?

१७८० साली अमेरिकन क्रांतीत दक्षिणेचा सेनापती दोनदा निवडला गेला. दोन्ही वेळची कसोटी वेगळी होती.

जूनमध्ये काँग्रेसने (बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने) सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला न विचारताच होरेशियो गेट्सला नेमलं. साराटोगाला इंग्रजांवर मिळालेल्या विजयामुळे (१७७७) त्याचं नाव सर्वतोमुखी होतं. वॉशिंग्टनच्या पसंतीचा जनरल नॅथनेल ग्रीन मागे पडला. १६ ऑगस्टला दक्षिणेतल्या कॅम्डेनमध्ये गेट्सच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि गेट्सने त्याच दिवशी सुमारे ६० मैलांवरचं शार्लट गाठलं. घोडा मात्र उत्तम असावा!

ऑक्टोबरमध्ये निवड वॉशिंग्टनवर सोपवली गेली. त्याने ग्रीनचंच नाव दिलं. ओळखीचा माणूस म्हटलं की वशिल्याचा संशय येतोच, आणि तो अगदीच निराधार नव्हता. १७७६ मध्ये ग्रीनच्या सल्ल्यावर विसंबून अमेरिकन न्यूयॉर्कचा फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला राखायला गेले आणि त्यांचे अडीच हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. पण वॉशिंग्टनने त्यानंतरचा ग्रीनही पाहिला होता. १७७८ ते १७८० सैन्याची वाहतूक आणि छावण्यांची व्यवस्था त्याने सांभाळली, तीही नाखुशीने. दक्षिणेत गाड्या, होड्या, नद्यांचे उतार हाच खरा प्रश्न होता. ही लायकी विजयांच्या यादीत दिसत नाही. म्हणून माझं मत वॉशिंग्टनच्या शिफारशीला.

गंमत म्हणजे ग्रीनही हरलाच. मार्च १७८१ मध्ये गिलफर्ड कोर्टहाउसचं मैदान इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने मारलं (हाच पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला), पण त्याचं जवळपास चौथाई सैन्य ठार वा जखमी झालं. वर्षअखेरीस दक्षिणेत इंग्रजांकडे मुख्यतः चार्ल्सटन आणि सव्हाना उरली.