टँडम रोलर, हंगामभर वापरल्यानंतर: दाब पक्का, फवारा दळभद्री

टँडम रोलर म्हणजे पुढे-मागे लोखंडी ड्रम असलेला, डांबरी थर दाबणारा रोलर. आमचा दहा टनी, दोन्ही ड्रम व्हायब्रेशनचे, ड्रमची रुंदी १६८० मिमी. बाकीचं माहितीपत्रकात आहे, ते इथे उगाळत नाही. हा अनुभव डांबरीकरणाच्या पूर्ण हंगामानंतरचा आहे. आत्ताच लिहायला बसायचं कारण म्हणजे वॉरंटीत नाकारला गेलेला पाण्याचा पंप.

दाबाबद्दल तक्रार नाही. ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० ठोके) ताशी ५ किमी वेगाने चालवला तर मीटरमागे साधारण ३६ ठोके बसतात, म्हणजे दर २८ मिमीला एक. घाईत ऑपरेटरने ७ किमीला नेला की हेच अंतर ३९ मिमी होतं आणि तिरप्या उन्हात पृष्ठभागावर लाटा दिसायला लागतात. २५-३० मिमीच्या थराला लहान अॅम्प्लिट्यूडच (ठोक्याची उंची) ठेवायचं. मोठं लावलं तर खडी फुटते आणि काळ्या थरात पांढरी तोंडं चमकू लागतात. ती दिसली की कोअर (थरातून कापलेला तपासणीचा नमुना) काढायची वाट पाहू नका, बटण फिरवा.

दिशा बदलताना वेग उतरला की व्हायब्रेशन आपोआप बंद होतं, ही सोय मला सुरुवातीला शोभेची वाटली होती. आता ती नसलेला रोलर घेणार नाही. नवा ऑपरेटर बसवला तरी वळणाच्या जागी खड्डा पडत नाही. ड्रमच्या रबरी बफरांवरही उभ्या जागेचे ठोके बसत नाहीत.

आता फवारा. ताज्या मालावर (गरम डांबर-खडीचं मिश्रण) ड्रम ओला नसेल तर डांबर चिकटतं, त्यावर बारीक खडी, आणि पुढच्या फेरीत तोच लपका थरातून माल उपटतो. हा रोलर दर ड्रमला पाणी फवारणारी आठ नोझल देतो, अंतर सुमारे २१० मिमी. एक बंद पडलं की ड्रमवर तळहाताएवढ्या रुंदीचा कोरडा पट्टा उमटतो आणि दोन-तीन फेऱ्यांत तो पट्टा काळा होतो. सकाळी ड्रम थंड असतो तेव्हा हा त्रास सर्वांत जास्त. ड्रम तापल्यावर चिकटणं कमी होतं. पॉलिमर मिसळलेलं डांबर असेल तर दिवसभर सुटका नाही.

त्यावर साइटवरचा ठरलेला उपाय म्हणजे डिझेलचा बोळा. तो बंदच करा. डिझेल डांबराला विरघळवतं. ड्रमवरून थरावर पडलेला थेंब त्या जागी माल मऊ करून ठेवतो आणि पुढे नेमकी तिथूनच खडी सुटते. त्याऐवजी टाकीत थोडं साबणाचं पाणी चालतं. पण ते सगळ्या नोझलमधून आलं पाहिजे, आणि इथेच घोडं पेंड खातं.

पहिल्या काही आठवड्यांत शेवटची दोन नोझल नुसती ठिबकायची, तेव्हा पंप कमकुवत आहे असंच मत झालं होतं. गेज लावून पाहिल्यावर पंपाच्या तोंडाशी दाब व्यवस्थित निघाला. खोट नळीच्या रचनेत आहे: फवाऱ्याच्या आडव्या नळीला पाणी एकाच टोकाकडून दिलंय आणि दुसरं टोक पक्कं बंद केलंय. टाकीतला गाळ, शेवाळ, क्षाराचे खपले सगळं वाहत जाऊन त्या बंद टोकाला साचतं. तिथे साधा कॉक दिला असता तर रोज मिनिटभर उघडून नळी धुता आली असती. एवढ्या महागड्या यंत्रात एका कॉकची काटकसर! टोकाचं बूच काढून आम्ही कॉक बसवला, शेवटची नोझल पहिल्यासारखीच उडायला लागली.

चोंदलेल्या नोझलमध्ये तार घालू नका. भोक थोडं जरी वाकडं झालं तरी पंख्यासारखा फवारा मोडतो आणि एकच धार पडते. नोझल काढायचं, आतली जाळी वेगळी करायची, दोन्ही व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची, मऊ ब्रशने घासायची, उलट बाजूने हवा मारायची. बसवताना फवाऱ्याची पट्टी नळीच्या रेषेला किंचित तिरकी ठेवा, नाहीतर शेजारचे फवारे एकमेकांवर आपटून मध्ये कोरडी फट राहते. जादा धुतलेला संच हेल्परच्या डब्यात असावा. चालू कामात नोझल बदलायचं, साफ संध्याकाळी करायचं.

हे बारीकसारीक वाटतं, पण हिशोब बघा. साडेतीन मीटर रुंदीला ओव्हरलॅप धरून तीन पट्टे, पट्ट्यामागे चार फेऱ्या, म्हणजे बारा. ५ किमी म्हणजे मिनिटाला ८३ मीटर. वळणं आणि थांबे धरून त्यातले पाऊणच हाती लागतात, म्हणजे बासष्ट. बाराने भागा: रोलर मिनिटाला जेमतेम पाच मीटर रस्ता उरकतो. पेव्हर (माल पसरवणारं यंत्र) त्याच वेगाने चालला असेल आणि नोझलसाठी रोलर दहा मिनिटं उभा राहिला, तर मागे पन्नास मीटर न दाबलेला माल पडतो. पातळ थर तेवढ्यात ८०-९० अंशांच्या खाली जातो, मग कितीही फेऱ्या मारा, घनता येत नाही. पेव्हर थांबवला तर डंपर रांगेत, प्लँट गरम, मजूर उभे, आणि सगळ्यांची हजेरी चालूच. पाणी भसाभस सोडणं हाही इलाज नाही, त्याने थर वरून गार होतो. फवारा थांबून-थांबून सोडणारा टायमर हवा तेवढाच ठेवा: ड्रम ओलसर चमकायला हवा, रस्त्यावर ओघळ नकोत. सतत चालू ठेवलं तर टाकी अर्धी पाळीही पुरत नाही. टायमरवर पाळीभर पुरते.

पंपाचं प्रकरण असं: ओढणीकडची जाळी (पंप टाकीतून पाणी ओढतो त्या बाजूची) टाकीच्या पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी आहे. ती चोंदली, पंप कोरडा फिरला, मोटर जळाली. सर्व्हिसवाल्यांनी ‘पाण्याची गुणवत्ता वॉरंटीत येत नाही’ असं लिहून दिलं. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइल २५० तासांना बदला हे ठळक छापलंय. या जाळीचा उल्लेख एका आकृतीत, तोही फक्त क्रमांकाने. शिवाय अवर मीटर (चाललेले तास मोजणारं) आयडलिंगलाही, म्हणजे उभ्या-उभ्या इंजिन चालू असतानाही पळतं, त्यामुळे डंपरची वाट बघत उभ्या रोलरने सर्व्हिस आणि वॉरंटी दोन्ही खाल्ली. ऑपरेटरला पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबा असेल तर इंजिन बंद करायला लावलंय, आणि गरम मालावर उभा करायचा नाही हे वेगळं.

घेणार असाल तर ऑर्डरवरच लिहून घ्या: नळीच्या दोन्ही टोकांना कॉक, ओढणीची जाळी बाहेरून उघडता येईल अशी, पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारा स्विच, आणि नोझलचा एक पूर्ण जादा संच. टँकरचं पाणी टाकीत ओतताना तोंडाला दुहेरी कापड बांधा, कारण कंपनीच्या जाळीतून पालापाचोळा अडतो, गाळ नाही.