हॉलिवूड रोडवरचा ‘बादशाही’ वाडगा आणि माझे ५६,१०० डॉलर

लिहू की नको करत दोन महिने काढले, लाज वाटते म्हणून. अकरा वर्षं हाँगकाँगमध्ये राहतोय, चिनी मातीच्या भांड्यांचा नाद सहा वर्षांचा, आणि तरी हॉलिवूड रोडच्या (इथला जुन्या वस्तूंच्या दुकानांचा रस्ता) एका दुकानात नकली वाडग्याचे ३८,००० हाँगकाँग डॉलर मोजून आलो. वर सर्टिफिकेटचे ३,५००, लिलावाच्या कॅटलॉगचे म्हणून १४,६००. टोटल ५६,१००, आपले सहा लाख धरा.

वाडगा सुंदर होता, हे आजही म्हणतो. तळहातावर मावेल एवढा, पांढराशुभ्र, बाहेरून गुलाबी पिओनीची फुलं. दुकानदार म्हणाला, योंगझंग बादशहाच्या काळातलं (१७२३ ते १७३५) फालांगकाय. म्हणजे कोरं भांडं जिंगदेझेनहून यायचं, फुलं रंगवायची बीजिंगच्या राजवाड्यातल्या कारखान्यात, गुलाबी रंगात सोनं वगैरे. हे सगळं खरंच आहे हो, खोटं फक्त भांडं होतं! मग त्याने २०१८ च्या लिलावाची बातमी दाखवली, कांगशी बादशहाच्या काळातला गुलाबी वाडगा जवळपास २४ कोटी हाँगकाँग डॉलरला गेलेला. मग मला ३८ हजारात का देईल? म्हातारा म्हणाला, मुलगा कॅनडाला चाललाय, दुकान आवरायचंय. पटलं मला. आणि मी काही कोटींची स्वप्नं बघत नव्हतो, पाच-सहा पट झाले तरी पुष्कळ, एवढंच.

आता जे आठवलं की झोप उडते ते. वाडगा पालथा करून पायाच्या कडेवरून अंगठा फिरवला, जिथे ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) नसतं तिथे. अंगठा तपकिरी झाला. जवळजवळ तीनशे वर्षांची घाण अशी बोटाला येते का? ती मुरलेली असते. आणि मी वास घेतला, घेतला होता हो! चहाचा वास, म्हणजे जुनं दिसावं म्हणून चहा फासलेला. मी काय केलं, तर पँटला अंगठा पुसला आणि म्हटलं पॅक करा. बायको बाजूला होती, ती नुसतं “अहो” म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तळाचा शिक्का बघा. राजवाड्यातल्या त्या कामावर चार अक्षरं निळ्या इनॅमलने ग्लेझच्या वर लिहिलेली असतात, नखाला किंचित उंचवटा लागतो. माझी ग्लेझच्या खाली, काचेसारखी गुळगुळीत. दुकानातच नख फिरवा, लाजू नका. आणि टीएल टेस्टचा (भांडं किती जुनं ते सांगणारी थर्मोल्युमिनेसन्स तपासणी) कागद दाखवला तर आधी ड्रिलचं भोक कुठे आहे विचारा, नमुना काढल्याशिवाय ती टेस्ट होत नाही. माझ्या कागदावर “नमुना पायातून घेतला” आणि पायाला भोकच नाही! हे कळलं तीन आठवड्यांनी.

वाडगा विकून देतो म्हणत कॅटलॉगचे १४,६०० घेतले त्या लिलाववाल्यांनी स्वतःहून फोन केला होता, माझा नंबर कुठून मिळाला हे विचारायचंही सुचलं नाही. विकायच्या आधीच पैसे मागतो त्याचा फोन तिथेच ठेवा.

पोलिसांत गेलो तर दीड तास बसवून म्हणे हे दिवाणी प्रकरण, ग्राहकांच्या तक्रारी घेतात तिथे जा, तिथे गेलो तर पावती दाखवा, पावती चिनीत, मला बोलता येतं थोडं पण वाचता येत नाही, तिथल्या बाईने वाचली: “फुलांचा वाडगा, एक नग.” ना बादशहा ना साल. वर हसून म्हणते, मग फुलांचा वाडगाच मिळालाय की तुम्हाला! परत पोलिसांत, आता वेगळा साहेब, पहिल्यापासून सांगा, आणि नकली आहे असं तज्ज्ञाकडून लिहून आणा. तज्ज्ञाची फी ४,२००. म्हणजे नकली असल्याचा दाखलाही मीच विकत घ्यायचा. दुकान तिथून चालत दहा मिनिटांवर, रोज उघडं असतं, पण कुणाला जाऊन बघायचं नाही.

पावतीवर काळ लिहून घ्या, वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या.

काल लिलाववाल्यांचा परत फोन. सिंगापूरच्या गिऱ्हाइकाला माझाच वाडगा हवाय म्हणे, फक्त इन्शुरन्सचे ९,८०० भरायचे. मी दोन मिनिटं ऐकत बसलो. खरं सांगतो, रेट विचारणार होतो, बायकोने हातातून फोन काढून घेतला.