पुण्यातील एका डेंग्यू वॉर्डातील सहा दिवस

गेल्या सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ डेंग्यूने पुण्यातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात सहा दिवस दाखल होता. पुढे एक तक्रारही मांडायची असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही. मात्र तेथील देखरेख कशी होती, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

दाखल करून घेताना डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का, हा. तीन वर्षांपूर्वी झाला होता, आणि त्यामुळे या वेळी त्रास कमीच होईल अशी आमची समजूत होती. डॉक्टरांनी उभ्या उभ्या का होईना, पण नीट समजावून सांगितले. डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाचा संसर्ग झाला की त्या उपप्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण पुढे दुसऱ्या उपप्रकाराने गाठले तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात आणि निष्प्रभ मात्र करू शकत नाहीत. उलट, प्रतिपिंडे चिकटलेला हा विषाणू भक्षक पेशींमध्ये अधिक सहज शिरतो व तेथेच वाढतो. मग सायटोकाइन नावाची रसायने प्रमाणाबाहेर स्रवतात, केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील द्रव बाहेर पाझरू लागतो. फिलिपिन्समध्ये 2016 साली सुरू झालेल्या शालेय लसीकरणात आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना या लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो, असे नोव्हेंबर 2017 मध्ये उत्पादक सनोफी कंपनीनेच जाहीर केले, त्यामागेही हेच कारण मानले जाते.

चौथ्या दिवशी ताप उतरला. आई सुटकेचा निःश्वास टाकून घरी नेण्याची तयारी करू लागली, आणि नेमकी त्याच दिवशी सिस्टरांनी फेऱ्या वाढवल्या. ताप उतरतानाचे 24 ते 48 तास सर्वांत धोक्याचे असतात, हे आम्हाला तेव्हा कळले. दर फेरीला त्या भावाच्या बोटाचे नख दाबून सोडत आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहत. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर दर सहा तासांनी पीसीव्हीचा, म्हणजे रक्तातील लाल पेशींच्या प्रमाणाचा आकडा निळ्या पेनाने लिहिला जाई. 41 वरून तो 50 वर गेला, पोटात दुखू लागले, दोन उलट्या झाल्या. द्रव बाहेर गेल्याने रक्त घट्ट होत होते. सलाईनचा वेग लगेच वाढवण्यात आला आणि पीसीव्ही खाली आल्यावर तितक्याच तत्परतेने कमीही करण्यात आला, कारण पाझरलेले पाणी पुन्हा रक्तात परतू लागले की जादा सलाईन फुप्फुसांवर येते. वेग कमी करण्याची ही दक्षता मला या वॉर्डाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटली.

प्लेटलेट 18 हजारांवर आल्या तेव्हा नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कोणी रक्तदात्यांची यादी पाठवली, कोणी पपईच्या पानांचा रस. डॉक्टरांनी रक्तस्राव नसल्यामुळे प्लेटलेट चढवल्या नाहीत, आणि आमच्या आग्रहाला न कंटाळता त्याचे कारण दोनदा सांगितले. काकांनी स्टेरॉइडबद्दलही विचारले. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी झाल्याचे 2020 मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत दिसले होते. तेथेही प्रतिकारशक्तीचा अतिरेकच आवरायचा होता. डेंग्यूत मात्र स्टेरॉइडचा तसा फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून ते दिले गेले नाही.

तक्रार रात्रीच्या तपासणीची आहे. रात्री दहानंतर रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जाई आणि पीसीव्हीचा अहवाल यायला दीड-दोन तास लागत. चौथ्या रात्री ते दोन तास आम्ही सिस्टरांच्या बोटांखालच्या नखाकडे पाहत काढले. ज्या आकड्यावर सलाईनचा वेग ठरतो, तो काढण्याचे छोटे यंत्र वॉर्डातच असायला हवे. डेंग्यूच्या हंगामात खाटा वाढवणाऱ्या रुग्णालयाला हा खर्च जड नाही. घरी सोडताना अभिप्रायाच्या वहीत मी हेच लिहिले आणि त्याखाली रात्रपाळीच्या दोन्ही सिस्टरांचे आभार मानले.