एलायजा मॅकॉयचा लुब्रिकेटर : माल एक नंबर, पण...

जुन्या रेल्वेच्या जमान्यातल्या एका प्रॉडक्टचा रिव्ह्यू टाकतोय. एलायजा मॅकॉयचा लुब्रिकेटर, म्हणजे इंजिनाला तेल देणारं उपकरण, 1872चं अमेरिकन पेटंट.

तेव्हा भानगड अशी होती की वाफेच्या इंजिनाला सारखं तेल लागायचं, नाहीतर पिस्टन आणि सिलिंडर घासून वाट लागायची, त्यासाठी गाडी मधेमधे थांबवायची, मग माणूस तेलाचा डबा घेऊन उतरणार, सांध्यासांध्यात तेल सोडणार आणि तोवर पॅसेंजर बसलेत ताटकळत. मॅकॉयने तेलाचा कप असा बसवला की इंजिनाच्याच वाफेच्या दाबाने त्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडी धावत असताना तेल आपोआप आत जातं. बस, एवढंच. आपोआप तेल देणारा हा पहिलाच असं बरेच जण ठोकून देतात, ते काही खरं नाही, इंग्लंडात रॅम्सबॉटम नावाच्या रेल्वे इंजिनीअरचा 1860 मधेच आला होता. पण मॅकॉयच्या मालात ज्याने स्वतः हात काळे केलेत त्याची अक्कल दिसते.

कारण हा बाबा खरंच ऑइलिंग करायचा! आईवडील केंटकीतल्या गुलामगिरीतून पळून कॅनडात आलेले, पोराला त्यांनी पार स्कॉटलंडला, एडिंबराला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला पाठवलं, आणि शिकून मिशिगनला आला तर काळा म्हणून इंजिनीअरची नोकरी कोणी देईना. मिशिगन सेंट्रल रेल्वेत लागला तो फायरमन म्हणून, कोळसा ओढा आणि तेल घाला. एवढा शिकलेला माणूस भट्टीपुढे उभा करायचा म्हणजे कमालच आहे.

आता स्टार कुठे कापतोय ते सांगतो. मालात खोट नाही, धंद्याच्या व्यवस्थेत आहे. कारखाना टाकायला भांडवल नाही म्हणून पेटंटचे हक्क बऱ्याचदा दुसऱ्यांना विकावे लागले, पन्नासच्या वर पेटंटं नावावर (त्यात इस्त्रीचं घडीचं टेबलपण आहे, गंमतच) आणि स्वतःच्या नावाची कंपनी निघाली डेट्रॉइटला थेट 1920 मधे, म्हणजे वय पंचाहत्तरच्या पुढे. 1929 मधे गेला.

म्हातारपणीचं ग्रॅफाइटवालं मॉडेल मात्र मला जास्त आवडतं. सुपरहीटरवाली (वाफ आणखी तापवणारी) इंजिनं आली तशी वाफ इतकी तापायला लागली की नुसतं तेल टिकेना, म्हणून तेलात ग्रॅफाइटची पूड, पण ती पूड नळीत अडकून बसायची (शिलाई मशीनमधे तेल आणि धूळ मिळून गच्च बसतं ना, तसंच), त्यावर यानेच तोडगा काढला.

तर साधं जुनं इंजिन असेल तर 1872वालं भरपूर झालं, उगाच खर्च नको. सुपरहीटर असेल तर ग्रॅफाइटवालंच घ्या आणि जुनं बसवून मग मॅकॉयला शिव्या घालू नका.