मराठी माध्यमाच्या वर्गात फॉनिक्स : जून ते मार्च वापरून आलेला अनुभव

मराठी माध्यमाच्या तिसरी-चौथीच्या मुलांना इंग्रजी वाचन फॉनिक्सने, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचण्याच्या पद्धतीने, शिकवावं का, असं मला बरेच शिक्षक आणि पालक विचारतात. माझं उत्तर ‘जरूर शिकवा’ असं आहे, पण दोन अटींवर. मूल मराठी सलग वाचणारं हवं, आणि त्याच्यापुढे ठेवलेले पहिले इंग्रजी शब्द त्याच्या रोजच्या कानावरचे हवेत. या दोन्ही गोष्टी जमल्या तर पद्धत चोख काम करते. नाही जमल्या तर मुलं अक्षरांचे आवाज घडाघडा काढतात आणि आपण काय वाचलं ते त्यांना सांगता येत नाही. जूनमध्ये वर्ग हातात आल्यापासून परीक्षा जवळ येईपर्यंत मी हीच पद्धत चालवली, त्यावरून हे लिहिते आहे.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे तिसरीत आलेल्या मुलाला सगळी अक्षरं येतात, कविता तोंडपाठ असतात, आणि ‘सी-ए-टी कॅट, बी-ए-टी बॅट’ अशी स्पेलिंगंही पाठ असतात. पण फळ्यावर ‘सॅट’ लिहिलं की वर्ग गप्प होतो. हा शब्द कुणी पाठ करून घेतलेला नसतो ना! आणि सी, ए, टी ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ हा उच्चार निघत नाही. मुलांची यात काहीच चूक नाही. आपण त्यांना अक्षरांची नावं शिकवली, आवाज शिकवलेच नाहीत.

फॉनिक्समध्ये आवाज आधी येतात. मी क्रम जॉली फॉनिक्सचा घेतला. ब्रिटनमध्ये १९९२ पासून चालत आलेली ही पद्धत आहे. तिच्यात ४२ ध्वनी सात गटांत विभागले आहेत, आणि पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं येतात. ए-बी-सी-डी हा क्रम सोडून देणं सुरुवातीला कुणालाच पटत नाही. पण या सहा अक्षरांतून सॅट, सिट, पिन, टिन, टॅप, नॅप, पॅन, स्पिन, ॲन्ट असे कितीतरी शब्द तयार होतात, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मूल स्वतःच्या बळावर वाचायला लागतं. ए, बी, सी, डी, ई, एफ या सहांतून तेवढं काही निघत नाही. शिवाय बी आणि डी वेगवेगळ्या गटांत आहेत, त्यामुळे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा वाटणाऱ्या या दोन अक्षरांचा गोंधळ बराच कमी झाला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती बाहेरून आलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये सापडत नाही. आपलं मूल बाराखडीतून वाचायला शिकलेलं असतं. ‘ट’ म्हटलं की त्यात ‘अ’ आपसूक मिसळलेला असतो. म्हणून ‘सॅट’ फोडून म्हणताना ते ‘स, ॲ, ट’ म्हणतं आणि जोडायला गेलं की भलतंच काहीतरी तयार होतं. यावर उपाय आपल्याच लिपीत आहे. फळ्यावर स्, ट्, प्, न् अशी पाय मोडलेली अक्षरं लिहायची आणि ‘इंग्रजीतलं प्रत्येक व्यंजन पाय मोडलेलं असतं, स्वर त्याच्या शेजारी वेगळा लिहिलेला असतो’ एवढं सांगायचं. तिसरीतल्या मुलाला हे एका तासात कळतं, कारण क् + अ = क हे त्याने मराठीत केलेलं असतं. सुरुवात मात्र स्, म्, न्, फ् अशा लांबवता येणाऱ्या आवाजांच्या शब्दांनी करावी. ‘स्स्स्’ लांबवत लांबवत ‘ॲ’वर जाता येतं, तसं ‘ट्’ किंवा ‘प्’ लांबवता येत नाही. सॅम, मॅन, फॅन, नेट हे शब्द मुलांना टॅप-पिटपेक्षा लवकर जोडता आले.

मराठी पक्कं असण्याचा आणखी एक फायदा पुढे दिसला. स्टॉप, क्लिप, ड्रम, बेल्ट अशा शब्दांमध्ये दोन व्यंजनं लागून येतात. इंग्रजी मुलांसाठीच्या पुस्तिकांमध्ये त्यासाठी स्वतंत्र टप्पा असतो. माझ्या वर्गाला तो जवळजवळ लागलाच नाही, जोडाक्षरं वाचणाऱ्या मुलांना ‘स्ट’ आणि ‘क्ल’ यांचं काय अप्रूप! एकाच अक्षराचे दोन आवाज असू शकतात हेही त्यांना विचित्र वाटलं नाही. चहातला च आणि चाकातला च वेगळे, जीवातला ज आणि जास्तमधला ज वेगळे, हे त्यांच्या जिभेला ठाऊक आहेच. तेव्हा सी हे अक्षर ‘कप’मध्ये क् आणि ‘सिटी’मध्ये स् होतं, हे त्यांनी सहज मान्य केलं. व्ही आणि डब्ल्यूसाठीही मराठीची मदत झाली. ‘व्हॅन’ आणि ‘विकेट’ आपण वेगळे लिहितोच, त्या लेखनावर बोट ठेवलं की पुरे.

उलट ज्या मुलांना मराठीतच अडखळत वाचावं लागत होतं, त्यांना फॉनिक्सने फारसं पुढे नेलं नाही. त्यांच्यासाठी मी दिवाळीनंतर इंग्रजी बाजूला ठेवून मराठी वाचनच घेतलं आणि तोच निर्णय योग्य होता असं मला ठामपणे वाटतं. आवाज जोडून शब्द करायचा असतो ही कल्पना एकदा कुठल्यातरी भाषेत पक्की बसावी लागते, आणि जी भाषा मूल घरी बोलतं तिच्यात ती सगळ्यात लवकर बसते.

एक सावधगिरी सांगते. देवनागरी फक्त आवाज दाखवण्यापुरती वापरावी. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मराठीत उच्चार लिहून दिला की मुलं तेवढाच वाचतात, खालच्या अक्षरांकडे बघतसुद्धा नाहीत.

स्वरांनी मात्र दम काढला. पेन आणि पॅन, बेड आणि बॅड, मेन आणि मॅन यांतला फरक मुलांना ऐकूच येत नव्हता. घरी बॅटला ‘ब्याट’ आणि हॉटेलला ‘हाटेल’ म्हणणारी ही मुलं. त्यांच्या बोलण्याला मी हात लावला नाही, कारण ते त्यांचं हक्काचं बोलणं आहे. फक्त ऐकायचे खेळ घेतले. मी ‘पेन’ म्हटलं तर उजवा हात वर, ‘पॅन’ म्हटलं तर डावा. रोज थोडा वेळ घेतला तरी यात पावसाळा सरला, आणि काहींचा गोंधळ अजून पूर्ण गेलेला नाही.

आता शब्दांविषयी. बाहेरच्या देशांतल्या मुलांसाठी लिहिलेली सोपी वाचनपुस्तकं मी आणली होती. ‘द फॉक्स इज इन द डेन’ हे वाक्य वर्गातल्या बहुतेकांनी बिनचूक वाचलं. ‘डेन म्हणजे काय?’ विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही. हेन, विग, रग, व्हेट, फॉग, सगळ्यांची तीच गत. इंग्लंडमधलं पाच वर्षांचं मूल ‘फॉग’ हा शब्द आवाज जोडून म्हणतं तेव्हा तो त्याने शेकडो वेळा ऐकलेला असतो, म्हणून वाचताक्षणी अर्थ डोक्यात उजळतो. आपल्या मुलाकडे तो ऐकलेला शब्दच नसतो. फॉनिक्स शब्दाचं दार उघडून देतं, पण आत कुणी ओळखीचं नसेल तर मूल उंबऱ्यावरूनच परत फिरतं.

मग ती पुस्तकं कपाटात ठेवली आणि मुलांच्या तोंडातलेच इंग्रजी शब्द गोळा केले. क्रिकेटने निम्मं काम केलं. बॅट, पॅड, स्टंप, विकेट, स्पिन, स्लिप, लेग, रन, सिक्स आणि खुद्द ‘क्रिकेट’, हे सगळे शब्द आवाज जोडून जसेच्या तसे वाचता येतात. त्यांत हेल्मेट, टिफिन, बेल्ट, बल्ब, पंप, लिफ्ट, टेंट, क्लिप, बॉक्स, क्लिनिक, बस स्टँड यांची भर घाला. हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत की अर्थ सांगावा लागत नाही. ‘विकेट’ हा शब्द पहिल्यांदा स्वतः वाचला तेव्हा वर्गाच्या मागच्या बाकावरून जी आरोळी उठली, तशी कुठल्याही कोल्ह्याच्या गोष्टीला उठली नव्हती. विकेटमधल्या सी आणि के या जोडीवरून नियमही मिळाला : आखूड स्वरानंतर क् आला की बहुतेकदा ही जोडी येते, मग किक, रॉक, नेक, डक. याच शब्दांची छोटी वाक्यं करून मी वह्यांमध्ये लिहून दिली. तीच आमची पहिली वाचनपुस्तिका झाली. दुसरं सत्र संपताना कपाटातली पुस्तकं पुन्हा काढली, प्रत्येक गोष्टीआधी चित्रं दाखवून शब्द तोंडी घेतले, आणि तेव्हा ती आवडीने वाचली गेली.

मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय, हे ओळखायला अर्थ नसलेले बनावट शब्द फार उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी जी फॉनिक्स तपासणी होते, तिच्यात ४० शब्दांपैकी निम्मे असेच असतात. मी ‘पिब’, ‘व्हॉप’, ‘टेम’ असे शब्द लिहिते आणि एखाद्या परग्रहवासीयाचं नाव आहे असं सांगते. पाठांतरावर तगून असलेली हुशार मुलं इथे अडकतात आणि शांत बसणारी एखादी मुलगी सगळे वाचून मोकळी होते. ही कसोटी अधूनमधूनच घ्यावी, रोजचा सराव अर्थाच्या शब्दांवरच हवा.

एक अडचण आपल्या मुलांची खास आहे. ती म्हणजे रोमन लिपीतली आपली नावं. ‘कमल’ हे नाव फॉनिक्सने वाचलं तर ‘कॅमॅल’ होतं. शेवटी ई आला की आधीचा स्वर आपलं अक्षरनाव सांगतो, हा नियम शिकवल्यावर टॅपचं टेप आणि पिनचं पाइन झालं, मुलं खूश झाली, आणि लगेच एकाने एसटीच्या पाटीवरचं पुणे ‘प्यून’ असं वाचलं. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. तेव्हापासून मी गावांची आणि माणसांची नावं वेगळ्या तक्त्यावर ठेवते : इथे ए म्हणजे अ किंवा आ, टी म्हणजे ट किंवा त. द, वॉज, सेड, वन यांसारखे नियमाबाहेरचे शब्दही नजरेनेच लक्षात ठेवावे लागतात. ते थोडेथोडे घ्यावेत.

साहित्यावर फार खर्च करू नका. एका कंपनीचा बोलणारा पेन आणि चित्रकार्डांचा संच वर्गणीतून घेतला होता. पेनमधून ‘टअ’, ‘बअ’ असे आवाज यायचे, म्हणजे जे मोडून काढायचं तेच पक्कं व्हायचं. आय अक्षराला इग्लू आणि एक्सला झायलोफोन अशी चित्रं. बर्फाचं घर आमच्या मुलांनी पाहिलेलं नाही, आणि झायलोफोनमध्ये एक्सचा नेहमीचा ‘क्स्’ हा आवाज ऐकूच येत नाही. मी इग्लूच्या जागी इडली केली, एक्ससाठी बॉक्स. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर मुलांनीच कार्डं बनवली, ती वर्षभर टिकली. हातवारे आणि गाणी लहान मुलांना उपयोगी असतील. चौथीतल्या मुलांना त्यांची लाज वाटत होती, मी ती लवकरच सोडून दिली.

पालकांची शंका एकच असते : ‘बाई, स्पेलिंग पाठ करून कधी घेणार?’ त्यांना मी श्रुतलेखनाच्या वह्या दाखवते. न पाठ केलेले हेल्मेट, टिफिन, स्टंप मुलांनी ऐकून बरोबर लिहिलेले असतात. केक, रेन आणि प्ले यांतला ‘ए’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो, तिथे मात्र सवयच लागते. ए-आय ही जोडी सहसा शब्दाच्या मध्ये आणि ए-वाय ही शेवटी, एवढा नियम थोडी मदत करतो. लांब शब्दांत तर फॉनिक्स पुरत नाही. ‘टीचर’ किंवा ‘अबाउट’मधला पुसट स्वर कुठल्याच अक्षराशी नीट जुळत नाही, असे शब्द आधी ऐकलेले असले तरच वाचता येतात. म्हणून येत्या जूनपासून माझ्या तासातला पहिला भाग इंग्रजी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवण्याचा असेल आणि फॉनिक्स त्यानंतर.