सीहॉर्स की ओरोबोरोस: मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन कशावर मोजावं?

जनुक बंद केल्यावर पेशींचा ऑक्सिजन-वापर घटतो का, हे सीहॉर्स आणि ओरोबोरोस ही दोन्ही यंत्रं सांगतात.

सीहॉर्सच्या ९६ खाचांच्या प्लेटमध्ये दर खाचेत साधारण १० ते ४० हजार पेशी पुरतात. कोपऱ्यातल्या चार खाचांत पेशी घालायच्या नाहीत, त्या पेशींशिवायचं पार्श्वभूमीचं वाचन घेण्यासाठी. ओरोबोरोसवर एका वेळी दोनच नमुने चालतात, पण सॅपोनिनने सच्छिद्र केलेले काही मिलिग्रॅम स्नायुतंतूही चालतात.

खरा फरक एफसीसीपीच्या (श्वसन कमाल वेगाला नेणाऱ्या रसायनाच्या) मात्रेत. ते जास्त झालं की श्वसन दबतं आणि कमाल क्षमता खोटी कमी दिसते. सीहॉर्समध्ये इंजेक्शनं चारच, मात्रा आधीच भरलेली. म्हणून प्रत्येक पेशीप्रकारासाठी ०.२५ ते २ मायक्रोमोलर वेगवेगळ्या खाचांत आधी तपासणं भागच आहे. ओरोबोरोसमध्ये ०.५ मायक्रोमोलरच्या टप्प्यांनी, वेग वाढायचा थांबेपर्यंत देता येतं. ही सोय फार मोलाची.

सीहॉर्सची कार्ट्रिज एकदाच वापरायची, त्यामुळे खर्च चालूच राहतो. ओरोबोरोसमध्ये कष्ट धुण्याचे: ऑलिगोमायसिन, अँटिमायसिन ही श्वसन रोखणारी रसायनं नमुन्याच्या चेंबरला चिकटतात. इथेनॉलने नीट धुतलं नाही, तर पुढचा निरोगी नमुनाही बिघडलेला दिसतो.

अनेक क्लोन एकाच दिवशी तपासायचे असतील तर सीहॉर्स घ्या. बायोप्सी असेल, किंवा बिघाड श्वसनसाखळीतल्या कॉम्प्लेक्स १ चा की २ चा हे सब्स्ट्रेट (मायटोकॉन्ड्रियाला दिलेलं इंधन) बदलत टप्प्याटप्प्याने शोधायचं असेल, तर ओरोबोरोस.